पाळी चुकणं वेगळं, पाळीत दुखणं वेगळं

बाराव्या-तेराव्या वर्षी पाळी सुरू होते. पहिलं वर्ष-दीड वर्ष ती कधी दीड महिन्यानं येते, कधी वीस-बावीस दिवसांतच, पण दुखत फारसं नाही. मग चौदाव्या-पंधराव्या वर्षी ती बऱ्यापैकी वेळेवर यायला लागते आणि नेमक्या तेव्हापासून पोटात कळा सुरू होतात. घरचे म्हणतात, ‘आधी बरं होतं, आता काहीतरी बिघडलं.’ बहुतेक वेळा झालेलं असतं उलट. बीजकोशातून दर महिन्याला स्त्रीबीज सुटायला लागलेलं असतं, आणि कळा हा त्याचाच मागोमाग येणारा परिणाम असतो.

स्त्रीबीज सुटलं की पाळी वेळेवर येते, पण दुखू शकते. ते सुटलं नाही की पाळी पुढेमागे होते. रक्त कधी जास्त जातं, जास्त दिवस जातं, पण कळा सहसा कमी असतात. म्हणजे ‘पाळी अनियमित’ आणि ‘पाळीत दुखणं’ हे एकाच आजाराचे दोन चेहरे नाहीत. त्यांची कारणं वेगळी आणि औषधंही वेगळी. औषधाच्या दुकानात जाऊन ‘पाळीच्या त्रासावर गोळी द्या’ म्हटलं की हाती येते ती दुखण्याची गोळी. तिनं तारीख सुधारत नाही. आणि ज्या गोळीनं पाळी आणवली जाते, तिनं कळा थांबत नाहीत. दोन्ही त्रास एकाच वेळी आणि जोरात असतील तर मात्र जरा खोलात शिरून बघावं लागतं. त्याबद्दल पुढे लिहिलं आहेच.

आधी दिवस मोजा

भिंतीवरच्या कालनिर्णयवर दुधाचा खाडा मांडतात तशीच पाळीची नोंद ठेवता येते. घरात चारचौघांच्या नजरेला पडायला नको असेल तर वहीत किंवा मोबाइलमध्ये ठेवा. ज्या दिवशी पॅड लावावंच लागेल इतकं रक्त आलं, तो पहिला दिवस. त्याआधी एक-दोन दिवस दिसणारे तपकिरी डाग मोजायचे नाहीत. चक्र मोजायचं ते या पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. रक्त थांबल्यापासून मोजणं ही अगदी नेहमीची चूक, आणि त्यात चार-पाच दिवसांचा घोळ होतो.

दुसरी चूक तारखेची. ‘माझी पाळी ५ तारखेची, या महिन्यात ८ ला आली’ असं म्हणून काही कळत नाही. ५ जानेवारीला आलेली पाळी ८ फेब्रुवारीला आली तर चक्र ३४ दिवसांचं झालं. त्यात काही वावगं नाही. १ मे आणि २९ मे अशी ‘एकाच महिन्यात दोनदा’ आली म्हणून मुली घाबरतात, पण ते तर चक्क २८ दिवस आहेत.

नोंदीत आणखी तीन गोष्टी हव्यात: किती दिवस रक्त गेलं, दिवसाला किती पॅड पूर्ण भरले, आणि दुखणं ० ते १० मध्ये किती. गोळी घेतली असेल तर किती वाजता घेतली, किती वेळानं फरक पडला, तेही. तीन महिन्यांची अशी नोंद डॉक्टरांना पहिल्या भेटीत जेवढं सांगते, तेवढं अर्ध्या तपासण्यासुद्धा सांगत नाहीत.

आता नेहमीचं काय आणि वेगळं काय. पाळी सुरू झाल्याच्या पहिल्या वर्षात अनियमितपणा हा वयाचाच भाग आहे. त्यानंतर, म्हणजे पहिल्या वर्षापासून तिसऱ्या वर्षापर्यंत, २१ ते ४५ दिवस चालतात. तीन वर्षं उलटल्यावर २१ ते ३५ दिवस, आणि वर्षाला किमान ८ पाळ्या यायला हव्यात. पहिलं वर्ष संपल्यानंतर एकदा जरी ९० दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर तपासून घ्यायचं. पंधरावं पूर्ण होऊनही पाळी सुरूच झाली नसेल तरीही दाखवायचं. दर महिन्याला चार-पाच दिवसांचा फरक सगळ्यांनाच पडतो. घड्याळाच्या ठोक्यावर २८ दिवस फार थोड्या जणींचे असतात.

कळा येतात कशा

गर्भाशय म्हणजे मुठीएवढी स्नायूंची पिशवी. दर महिन्याला तिच्या आतून मऊ अस्तर वाढतं. स्त्रीबीज सुटल्यावर बीजकोशात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) तयार होतं आणि ते या अस्तराला धरून ठेवतं. गर्भ राहिला नाही तर साधारण १४ दिवसांनी प्रोजेस्टेरॉन एकदम घटतं, अस्तर सुटायला लागतं आणि त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बाहेर पडतात. ही रसायनं पिशवीला आवळायला लावतात. स्नायू इतका घट्ट आवळला जातो की त्याचा स्वतःचाच रक्तपुरवठा काही क्षण अडतो, आणि कळ येते ती तेव्हा. पिशवी सैल पडली की जरा बरं वाटतं, मग पुन्हा कळ. लाटेसारखं दुखणं असतं ते म्हणूनच.

हीच रसायनं थोडी रक्तात मिसळतात. म्हणून त्याच दोन दिवसांत जुलाब, मळमळ, उलटी, डोकेदुखी, मांड्या आणि कंबर भरून येणं असं सगळं एकदम होतं. ‘पोट बिघडलं’ म्हणून वेगळं औषध घ्यायची गरज नसते. प्रोस्टाग्लँडिनचा जोर पहिल्या ४८ तासांत सर्वात जास्त असतो, त्यामुळे साधं पाळीचं दुखणं रक्त येताना किंवा काही तास आधी सुरू होतं आणि दोन-तीन दिवसांत ओसरतं. स्त्रीबीज सुटलं नाही तर प्रोजेस्टेरॉन तयारच होत नाही, ते एकदम घटतही नाही, आणि कळांचं हे सगळं गणितच कमी होतं.

गोळी चुकते कुठे

आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक अॅसिड, नॅप्रोक्सेन या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत. आधीच तयार झालेल्याचं त्या फारसं काही करू शकत नाहीत. त्यामुळे सगळा खेळ वेळेचा आहे. बहुतेक मुली ‘बघू, सहन होतंय तोवर नको’ म्हणत थांबतात, अगदीच असह्य झाल्यावर एक गोळी घेतात, तीही उपाशीपोटी, ती उलटून पडते आणि मग ‘मला गोळी लागू पडत नाही’ असा शिक्का बसतो. हे म्हणजे दूध उतू गेल्यावर गॅस बंद करणं झालं.

नीट घ्यायची ती अशी. ज्यांची पाळी वेळेवर येते त्यांनी अंदाज घेऊन आदल्या संध्याकाळपासून, नाहीतर पहिला डाग किंवा पहिली कळ जाणवताक्षणी, काहीतरी खाऊन गोळी घ्यावी. आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम दर ८ तासांनी. डॉक्टरांना न विचारता २४ तासांत १२०० मिलिग्रॅमच्या वर नाही. किंवा मेफेनॅमिक अॅसिड ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. ही मात्रा साधारण १८ वर्षांच्या पुढच्या, एरवी निरोगी मुलींसाठी. त्याहून लहान असाल किंवा वजन कमी असेल तर डॉक्टरांकडून ठरवून घ्या. पहिले दोन-तीन दिवस ठरलेल्या वेळांना घ्यायची आणि मग बंद. दुखलं की एक, पुन्हा दुखलं की एक, असं नाही. सलग तीन पाळ्या असं करून बघितल्याशिवाय गोळी निकामी म्हणू नये.

काही खाचाखोचा आहेत. मेफ्टाल-स्पासच्या एका गोळीत मेफेनॅमिक अॅसिड २५० मिलिग्रॅम आणि आवळलेला स्नायू सैल करणारं डायसायक्लोमाइन १० मिलिग्रॅम असतं. तोंड कोरडं पडणं, डोळ्यांसमोर धूसर दिसणं होतं ते या दुसऱ्या औषधानं. कॉम्बिफ्लॅममध्ये आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल असतं. म्हणजे सकाळी कॉम्बिफ्लॅम आणि तासाभरानं मेफ्टाल असं घेतलं तर एकाच जातीची दोन औषधं पोटात गेली. फायदा वाढत नाही, जठराला आणि मूत्रपिंडाला त्रास मात्र वाढतो. जळजळ फार होत असेल, अल्सर असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल, अशा गोळीनं पूर्वी दम लागला असेल किंवा अंगावर पित्त उठलं असेल, गर्भ राहिल्याची शक्यता असेल तर या गोळ्या नकोत. पावसाळ्यात ताप असताना पाळी आली तरीही नकोत, कारण तो डेंग्यू निघाला तर रक्तस्राव वाढू शकतो. तेव्हा पॅरासिटामॉल, ते कळांवर कमी चालतं, पण रक्तस्रावाचा तो धोका नसतो.

मेफेनॅमिक अॅसिडबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी इशारा दिला, तेव्हा मोबाइलवर बरीच घबराट पसरली. तो इशारा ‘ड्रेस’ नावाच्या दुर्मीळ अॅलर्जीबद्दल होता: औषध सुरू केल्यावर साधारण दोन ते आठ आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं, यकृतासारख्या अवयवांना सूज. गोळीवर बंदी आलेली नाही. असं काही दिसलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जायचं आणि ते औषध पुन्हा कधीच घ्यायचं नाही, एवढाच त्याचा अर्थ.

‘सवय लागते’ आणि ‘पुढे मूल होत नाही’ या दोन भीतींपायी किती मुली दुखणं अंगावर काढतात! महिन्यातून दोन-तीन दिवस घेतलेल्या या गोळ्यांची सवयही लागत नाही आणि त्यांनी वंध्यत्वही येत नाही.

गोळीशिवाय चालणारा आणि खरोखर सिद्ध झालेला उपाय म्हणजे शेक. रबराची पिशवी दोन तृतीयांश भरा, आतली हवा दाबून काढा, मग बूच लावा. पाणी उकळतं नको. हात बुडवता येणार नाही पण वाफाही येणार नाहीत इतपत. पिशवीला सुती कापड गुंडाळून ओटीपोटावर १५-२० मिनिटं. रोज रात्रभर पिशवी पोटावर ठेवून झोपलं तर कातडीवर जाळीदार तपकिरी डाग पडतात, ते महिनोन्‌महिने जात नाहीत. हॉस्टेलवर पिशवी नसेल तर तव्यावर कोमट केलेले तांदूळ जाड मोज्यात भरून गाठ मारा, नाहीतर तव्यावर कोमट केलेला रुमाल वापरा. ऊब हवी, साधन कोणतंही असो.

व्यायाम पाळीच्या दिवशीच करायचा असतो असं नाही. आठवड्यातून तीनदा पाऊण ते एक तास भरभर चालणं, सायकल, योगासनं, काहीही महिनाभर चालू ठेवलं तर दोन-तीन पाळ्यांनंतर कळा कमी झालेल्या जाणवतात. सुंठीबद्दल आजीचं म्हणणं बऱ्यापैकी खरं निघालं आहे: पहिले तीन-चार दिवस दिवसभरात मिळून सपाट अर्धा ते एक चमचा सुंठपूड घेतल्यावर काही अभ्यासांत दुखणं कमी झालेलं दिसलं. पित्त असेल तर बेतानं. ओवा, गूळ, तीळ, पपई यांनी पाळी ठरलेल्या दिवशी ‘आणता’ येते, याला मात्र आधार नाही. खायला हरकत काहीच नाही.

दुखणं साधं नाही हे कशावरून ओळखायचं

साधं दुखणं वर्षागणिक तेवढंच राहतं किंवा कमी होतं. वर्षागणिक वाढत जाणारं, पाळी यायच्या तीन-चार दिवस आधीच सुरू होणारं, पाळी संपली तरी न थांबणारं दुखणं वेगळं. पाळीच्या दिवसांत शौचाला किंवा लघवीला जाताना कळ येणं, संबंधांच्या वेळी खोलवर दुखणं, दर महिन्याला कॉलेज बुडणं, आणि तीन पाळ्या नीट गोळ्या घेऊनही फरक न पडणं, या खुणा एंडोमेट्रिओसिसकडे बोट दाखवतात. त्यात गर्भाशयाच्या अस्तरासारखा पेशीजाल पिशवीच्या बाहेर, बीजकोशावर, आतड्याजवळ वाढतो आणि दर महिन्याला तिथं सूज येते. तो शाळकरी मुलींनाही होतो. आणि सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणजे तो नाही, असं मुळीच नाही. सुरुवातीचे बारीक ठिपके सोनोग्राफीत दिसतच नाहीत. रिपोर्ट नॉर्मल आणि मुलगी वेदनेनं वाकलेली, अशा वेळी ‘नाटक करते’ हे उत्तर नव्हे. पुढचा टप्पा म्हणजे डॉक्टरांनी सुरू केलेल्या हार्मोनच्या गोळ्या, आणि तरीही थांबलं नाही तर एमआरआय किंवा दुर्बिणीतून तपासणी.

एक दुर्मीळ पण चुकवू नये अशी गोष्ट: पाळी अजून सुरूच झाली नाही, पण दर महिन्याला ठरावीक दिवशी ओटीपोटात कळा येतात. वाट बंद असल्यामुळे रक्त आत साठत असण्याची शक्यता असते. छोट्या शस्त्रक्रियेनं हा प्रश्न सुटतो.

पाळी लांबते तेव्हा

स्त्रीबीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचा काळ जवळपास ठरलेला असतो, दोन आठवड्यांच्या आसपास. बदलतो तो त्याच्या आधीचा काळ. म्हणून आज पाळी लांबली असेल तर कारण आजच्या परीक्षेत नाही, तीन-चार आठवड्यांपूर्वीच्या जागरणात, तापात, प्रवासात शोधायचं. लातूरला ‘नीट’ परीक्षेच्या क्लासला गेलेल्या मुलीची पाळी परीक्षेच्या दिवशी वेळेवर येते आणि निकालाच्या सुमारास चुकते, त्याचं हे कारण.

एखादी पाळी चुकणं आणि मालिकाच चुकणं यात फरक आहे. मालिका चुकत असेल तर पाच-सहा शक्यता तपासाव्या लागतात. संबंध आले असतील तर सर्वात आधी गर्भचाचणी, सकाळच्या पहिल्या लघवीवर, संबंधांनंतर किमान तीन आठवड्यांनी. इमर्जन्सी गोळी घेतली असेल तर त्या महिन्याची पाळी आठवडाभर पुढेमागे होऊ शकते. थायरॉइड. प्रोलॅक्टिन, हे संप्रेरक काही मानसोपचारातल्या औषधांनी आणि डॉम्पेरिडोननं वाढतं. पित्तावरच्या ज्या कॅप्सूलच्या नावापुढे ‘डी’ असतो, त्यातला ‘डी’ बहुधा हाच. महिनोन्‌महिने रोज सकाळी ती घेणाऱ्या मुलीची पाळी लांबली तर आधी तिच्या कपाटात बघावं.

मग येतं कमी खाणं. पोलीस भरतीसाठी पहाटे उठून ८०० मीटरचा सराव, मेसचा एकच डबा, वजन उतरवायची घाई. शरीराला मिळणारी ऊर्जा खर्चापेक्षा बराच काळ कमी पडली की मेंदू बीजकोशाला निरोप पाठवणंच थांबवतो. अशा मुलीला ‘पीसीओडी आहे, वजन कमी कर’ असं सांगणं म्हणजे आगीत तेल. तिला पोटभर जेवण हवं आणि थोडी विश्रांती. बीजकोशातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी राहिलं तर हाडं ठिसूळ होतात, आणि धावताना नडगीचं हाड चिरकण्याची वेळ येते.

आणि सर्वात जास्त ऐकू येणारं नाव, पीसीओडी, ज्याला डॉक्टर आता पीसीओएस म्हणतात. यात स्त्रीबीज अर्धवट वाढतात पण सुटत नाहीत, पुरुषी संप्रेरकं थोडी जास्त असतात आणि बऱ्याच जणींत इन्सुलिन नीट काम करत नाही. खुणा म्हणजे लांबणाऱ्या पाळ्या, हनुवटीवर किंवा बेंबीखाली राठ केस, न जाणारी मुरमं, मानेमागे काळपट मखमली पट्टा. हा पट्टा मळ समजून दगडानं घासला जातो. तो घासून जात नाही, इन्सुलिनचं काम सुधारलं की फिका होतो.

पीसीओएसचं निदान सोनोग्राफीच्या एका ओळीवर होत नाही. पाळी सुरू झाल्यापासून पहिल्या आठ वर्षांत सोनोग्राफीवरून हे निदान करूच नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, कारण या वयात निरोगी बीजकोशही बुडबुड्यांनी भरलेलाच दिसतो. म्हणजे बाराव्या वर्षी पाळी आली असेल तर विसाव्या वर्षापर्यंत. सतरा वर्षांच्या मुलीच्या रिपोर्टवर ‘पीसीओ पॅटर्न’ लिहून आलं आणि पाळी मात्र वेळेवर आहे, अंगावर जास्त केस नाहीत, तर तिला पीसीओएस नाही. त्या दोन शब्दांनी घरात जो हलकल्लोळ होतो, तो टाळता येण्यासारखा आहे. या वयात निदानाला दोन्ही लागतात: अनियमित पाळी आणि पुरुषी संप्रेरक जास्त असल्याची खूण, अंगावरची किंवा रक्तातली, शिवाय थायरॉइड, प्रोलॅक्टिनसारखी बाकी कारणं आधी बाजूला काढावी लागतात.

खरंच पीसीओएस असेल तर वजन जास्त असलेल्यांनी ५ ते १० टक्के उतरवलं तरी पाळी सुधारू शकते. ७० किलोच्या मुलीसाठी हे साडेतीन ते सात किलो. पन्नासवर यायची गरज नाही. सडपातळ मुलींनाही पीसीओएस होतो, त्यांनी उपाशी राहू नये. पाळी ९० दिवसांपेक्षा जास्त लांबत असेल तर डॉक्टर प्रोजेस्टेरॉनसारख्या गोळ्या काही दिवस देऊन रक्त येऊ देतात किंवा मिश्र हार्मोनच्या गोळ्या लावतात. ‘घाण रक्त साचतं’ म्हणून नव्हे. रक्त साचत नाही. अस्तर इस्ट्रोजेनवर वाढत राहतं, जाड होतं आणि पुढे त्यात विकृती येऊ शकते. गोळ्यांनी आलेली पाळी म्हणजे मूळ कारण बरं झालं असंही नाही. गोळ्या अस्तराचं रक्षण करतात, मिश्र गोळ्या कळा आणि मुरमंही कमी करतात. त्या बंद केल्यावर मूल होण्याची क्षमता परत येते. डोळ्यांसमोर चमकणाऱ्या रेषा दिसून उठणारी अर्धशिशी असेल किंवा रक्ताची गाठ होण्याचा इतिहास असेल तर इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालत नाहीत, हे डॉक्टरांना आपणहून सांगा.

रक्त जास्त जातं म्हणजे किती

दर एक-दोन तासांनी पॅड पूर्ण भरणं, रात्री उठून बदलावं लागणं, सात दिवसांपेक्षा जास्त चालणं, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडणं, म्हणजे जास्त. पहिल्याच पाळीपासून असं होत असेल आणि हिरड्यांतून, नाकातूनही रक्त येत असेल तर रक्त गोठण्याचा जन्मजात दोष तपासायला हवा. रक्त कमी करायला ट्रॅनेक्झामिक अॅसिड देतात; ते फक्त रक्ताच्या दिवसांत, पाच दिवसांपर्यंत, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना तो आढळला, त्यामुळे ‘जरा थकवा आहे’ एवढ्यावर सोडू नये. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी म्हणजे ६० मिलिग्रॅम लोह आणि फोलिक अॅसिड. ती रक्तक्षय टाळायला पुरते, झालेला भरून काढायला नाही. लोहाच्या गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, लिंबूपाणी चालेल.

गौरी-गणपतीच्या आधी

पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या सणाच्या आठवड्यात सर्रास खपतात. देवाला काय चालतं हा वाद आमचा नाही, शरीराचं तेवढं सांगतो. नॉरएथिस्टेरॉन ५ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून; बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. ज्यांची तारीखच ठरलेली नाही त्यांना ती कधी सुरू करायची हे कळत नाही, उशिरा सुरू झाली की डाग पडत राहतात आणि पुढची दोन महिन्यांची नोंद बिघडते. रक्ताच्या गाठीचा इतिहास, यकृताचा आजार, गर्भाची शक्यता असेल तर नाहीच. मैत्रिणीच्या उरलेल्या पाकिटातून घेण्याचं हे औषध नव्हे.

पाळीचं दुखणं वेळेवर न बघितल्याची सर्वात मोठी किंमत बीड जिल्ह्यात दिसली. ऊसतोडीच्या हंगामात एक दिवस काम बुडलं की मुकादम खाडा लावतो, म्हणजे दंड कापतो. पांढरं जाणं, कंबरदुखी, जास्त रक्तस्राव यांवर साधे उपचार होण्याऐवजी ‘पिशवीला सूज आहे, काढून टाका’ असं सांगितलं गेलं. २०१९ मध्ये राज्य सरकारनं नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली, दर सहा जणींमागे एक. ‘पिशवीला सूज’ हे निदान नसतं. कुणी ते सांगितलं तर कशामुळे, कोणत्या तपासणीवरून, औषधानं काय होईल, हे तीन प्रश्न विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवा.

डॉक्टरांकडे जाताना

एका बाजूला अचानक जोरात दुखून उलट्या होणं म्हणजे बीजकोशाला पीळ पडलेला असू शकतो. तासाला एक पॅड भरून सलग दोन तास रक्त जाणं, चक्कर, गर्भचाचणी पॉझिटिव्ह असताना पोटात दुखणं, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. एरवी घाई नाही. नोंदवही, चालू औषधांची यादी आणि जुने रिपोर्ट घेऊन जा.

‘लग्न झालंय का?’ हा प्रश्न आपल्याकडे डॉक्टर विचारतात तेव्हा त्यांना बहुधा संबंध आले आहेत का हे जाणून घ्यायचं असतं. खरं उत्तर औषध ठरवायला लागतं. आई बरोबर असेल तर ‘पाच मिनिटं माझ्याशी एकटीशी बोला’ असं डॉक्टरांना सांगण्यात गैर काही नाही. आतून तपासणी केल्याशिवाय दुखण्याचे उपचार सुरू करता येतात. ती नको असेल तर तसं स्पष्ट म्हणा. १० ते १९ वयासाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ असतात, तिथं केसपेपर काढून समुपदेशकाशी बोलता येतं.

संबंध आले नसतील तर सोनोग्राफी पोटावरूनच होते. त्यासाठी मूत्राशय भरलेलं लागतं: तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी प्यायचं आणि लघवीला जायचं नाही. नंबर लांबला आणि अगदीच राहवेना तर थोडं मोकळं व्हा, पुन्हा दोन ग्लास प्या आणि अर्धा तास थांबा. रक्ताच्या हार्मोन तपासण्या पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात करतात, आणि आधीपासून हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर त्यांचे आकडे भरवशाचे नसतात, म्हणून रक्त देण्याआधीच ते सांगून ठेवा.